पिवळं कुंकू

१९३४ सालचा हिवाळा, थळ. नवरा होडी घेऊन दर्यावर गेलेला, आणि सखू धुक्यातून पाणी भरून आली की तिचं कुंकू पिवळं पडायचं.

"माझ्या लेकाच्या जिवावर उठलीस. जा म्हायेरी," सासू म्हणाली.

मी त्यांच्या शेजारचा, हायस्कुलात रसायनशास्त्र शिकणारा. मी दोघींना समजावलं, "कुंकू म्हणजे हळद आणि चुना. गावाबाहेरच्या नव्या भट्टीत गंधक जाळतात, त्याचा धूर धुक्याच्या थेंबांत विरघळतो. थेंब आंबट होतात आणि कुंकवाची पुन्हा हळद होते."

"बुकातलं बुकात ठेव," सासू म्हणाली.

दुसऱ्या सकाळी सखूने कुंकवाची ताटली धुक्यात ठेवली आणि पिवळी पडल्यावर सासूसमोर धरली.

"आत्याबाय, आता या ताटलीचा नवरा मरनार काय?"

विधवा झाल्यापासून कुंकवाला न शिवलेल्या सासूने ताटली उचलली आणि भट्टीची वाट धरली.