डिकीतला पाटा

नातीच्या बारशासाठी बायजाक्कांनी कोल्हापूरहून थेट कॅनडात आणलेला पाटा-वरवंटा सुनेनं डिकीत घातला होता, आणि तोही वजन म्हणून!

"या गाडीची ताकद मागच्या चाकांत असते, आई. मागं वजन नसलं की ती बर्फात नुसती गरगरतात," केतकी म्हणाली.

"पाटा म्हणजे देव गं, धोंडा नव्हे! आणि ही कसली गाडी? दोन माणसांत भरली. बसायचं जमिनीवर, उठायला क्रेन लावायची."

पण तिकडे लेकीच्या घरी पाळणा सजला होता, आणि वरवंटा पाळण्याभोवती फिरवल्याशिवाय बाळाला आत घालायचं नाही, हा हुकूम बायजाक्कांचाच होता. वेळेत पोचणं भाग होतं.

शेवटच्या चढाला वळणावर गाडीचं ढुंगण एकदम बाजूला सरकलं. बायजाक्कांनी गच्च डोळे मिटून जोतिबाला हाक मारली. केतकीनं ब्रेकला पायच लावला नाही. मागचं अंग ज्या बाजूला गेलं, त्याच बाजूला तिनं अलगद स्टिअरिंग वळवलं. गाडी सरळ झाली आणि गुरगुरत चढ चढली.

"आई, बऱ्या आहात ना?" लेकीच्या दारात गाडी थांबवून केतकीनं भीतभीत विचारलं.

बायजाक्कांना हसू काही केल्या आवरेना. त्यांनी पदर सावरला.

"गाडी वाह्यात आहे, आणि तूही! जाताना याच वळणानं घे. मघाशी डोळे मिटले होते, काही बघायला मिळालं नाही."