गुंफाच्या हाताचं माप

फाळणीच्या पळापळीत करतारसिंगच्या हातून सहा वर्षांची लेक जीतो सुटली, ती सुटलीच. दारव्ह्यात येऊन तो ट्रक चालवू लागला. दर बैसाखीला चिंधूजी लोहाराकडून तिच्यासाठी हातातलं लोखंडी कडं घडवून घेई, दर वर्षी थोडं मोठं. माप चिंधूजीच्या लेकीच्या, गुंफाच्या मनगटाचं, कारण दोघी एकाच वयाच्या.

"पोरीचा पत्ता नाई सरदारजी, मंग कडं कायले?" चिंधूजीने एकदा विचारलं.

"ती सुटली, तो वाहेगुरूचा हुकूम. त्याच्यावर रडाचं नाई. पण त्यानं कधी भेटवली, तर कडं हाताले बसलं पाह्यजे. तेवढं तं माह्याकडं हाय."

सत्तावन सालच्या बैसाखीला गुंफा दिसली नाही.

"माघात लगन झालं तिचं, पुसदले दिली," चिंधूजी म्हणाला. "आता माप कोनाचं घ्याचं?"

करतारसिंग भात्याजवळ खाली बसला.

"मंग माही जीतोबी सासरी गेली असंन," तो म्हणाला, आणि पोरीची पाठवणी करताना बाप रडतो, तसा रडला.