पक्षपाताची सुनावणी

वकील वनिता काळे सुनावणीच्या सभागृहात शिरत असतानाच दारावरच्या, चेहरे तपासणाऱ्या कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. हवालदार ओशाळला.

"मॅडम, मी ओळखतो तुम्हाला. पण चौकशी होईपर्यंत थांबवावंच लागतं."

"मी याच कॅमेऱ्यांविरुद्ध बोलायला आलेय. ते आम्हा पारध्यांनाच अडवतात."

"साहेब म्हणतात, यंत्राला जात कळत नाही."

"पण पोलिसांनी आजवर आमच्या वस्तीतून कुणाकुणाला उचललं, ते त्याला शिकवलंय ना?"

बाहेरच्या स्पीकरवर अध्यक्षांचा आवाज आला, "कुणाची काही तक्रार?"

वनिता दाराच्या बंद काचेवर दोन्ही हातांनी थापा मारत राहिली. आत कुणी वळलंही नाही.

स्पीकरवर अध्यक्ष म्हणाले, "तक्रार नाही. यंत्र निःपक्षपाती आहे."

आतल्या टाळ्या थांबल्यावर हवालदार हळूच म्हणाला, "मॅडम, चौकशीत काही निघालं नाही. जा तुम्ही आत."