काठी आपटत चाला

सत्तर साली कलकत्त्याला बदली झाली आणि शरच्चंद्र दर रविवारी शेरू कुत्र्याला घेऊन बजबजच्या भातखाचरांत पाणलावे पक्षी टिपायला जाऊ लागले. तिथे घोणशींचा सुळसुळाट. शकुनने नवऱ्याला बजावलं, "शेरूला पुढे सोडायचं नाही. तुम्ही काठी आपटत चाला, मागून तो येईल."

शेरूवर जीव, म्हणून शरच्चंद्रांनी मुकाट्याने ऐकलं. साप बाजूला होत. पण काठीच्या आवाजाने पाणलावेही भुर्रकन उडून जात.

थंडी सरत आली तरी पिशवी रिकामीच. एका रविवारी आमटी भुरकताना त्यांना एकदम शंका आली. "खरं सांग, तुला काळजी कुणाची होती?"

"शेरूचीच हो!" आणखी भात वाढत शकुन हसली. "आणि पाणलाव्यांची."