थंड डोक्याची काठी

बीपी चढलं की सरकारनं प्रत्येकाच्या मानेत बसवलेली चकती माणसाला जागच्या जागी झोपवायची. त्यामुळे गावातल्या मारामाऱ्याच संपल्या होत्या. पण मेडिकलवाल्या विलासनं बहिणीला पळवून लग्न केलं म्हणून बबन धोत्रे लोणचं-पापड सोडून, रोज बीपीची गोळी घेऊन, एकदम थंड डोक्यानं त्याला हाणायला आला. पहिल्याच काठीत विलासचे दोन दात काउंटरवर सांडले.

"बघा दाजी, किती शांतपणे मारतोय!" म्हणत त्यानं गुडघा फोडला.

बीपी चढून विलासला गुंगी यायला लागली. त्यानं लांब श्वास घेतला आणि रक्त थुंकत खिदळला. "मेव्हणे, गावात मेडिकल माझं एकच. तुमच्या गोळ्या खडूच्या होत्या."

"भाड्या!" बबन लालबुंद झाला, काठी उगारली आणि ओंडक्यासारखा कोसळून घोरायला लागला.

गोळ्या अस्सलच होत्या. विलासनं त्यातलीच एक गिळली, थोडा वेळ बसला आणि शांतपणे काठी उचलली.