आभाळातलं जातं

कोंडाबाईच्या जात्याचा खुंटा करकरला, तसं ओसरीवर बसलेल्या बाळकूनं तोंड उघडलं. बसऱ्याच्या लढाईत तो तिच्या नवऱ्याच्याच पलटणीत होता; सगळी पलटण तुर्कांच्या कैदेत गेली, बाळकूला तेवढं जखमी म्हणून सोडलं.

“वैनी, तुर्कांच्या वेढ्यात अडकलो तवा सातू होते, पण दळायला जातं कुठलं? मग साहेबानं विमानातनं जाती टाकली. धोंडीबा दळायला बसला, तुमचीच ओवी म्हणत.”

घरी नवऱ्यानं कधी खुंट्याला हात लावला नव्हता.

“जाडंभरडं दळलं असंल,” ती म्हणाली.

“लई. पण खाल्लं सगळ्यांनी.”

“आन् आता?”

“कैदेत. पायी नेला वाळवंटातनं. पुढचं ठावं न्हाई.”

तिनं जात्यात मूठभर जोंधळे टाकले.

मांडीला टेकलेली लेक म्हणाली, “आये, एवढं जड जातं टाकून विमान रिकामंच माघारी गेलं? मग बाबाला का न्हाई घेतलं?”