बाबांचा अँप्लिफायर

बाबांचा गिटारचा जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर वाटणीत थोरल्याकडे गेला आणि भावाभावांचं बोलणंच तुटलं. शेवटी धाकट्याने तस्साच अँप्लिफायर स्वतः बनवायला घेतला. कुठली तार कुठे जोडलीय ते बघायला, आवाज ताडून पाहायला तो दर रविवारी थोरल्याकडे जाऊ लागला. आधी नुसती कामापुरती हूं-हूं, मग चहा, मग गप्पा.

काम पुरं झालं तेव्हा थोरला धाकट्याच्या घरी आला. गिटार जोडून डोळे मिटून वाजवत राहिला.

"अगदी बाबांचाच आवाज! जमलं रे तुला." मग गिटार खाली ठेवत हळूच म्हणाला, "म्हणजे आता तुझं रविवारचं येणं संपलं."

धाकट्याने पुन्हा तार छेडली. नाव ठेवायला कुठे जागाच नव्हती.

"छे रे दादा, खर्जात अजून कमी पडतोय. रविवारी येतो, परत ताडून बघू."